जळगावकडचं भरीत, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे : कधी, कुठे आणि काय विचारून घ्यावं?

मुळामुठा

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जळगाव, भुसावळ, यावल या पट्ट्यात तीन दिवस मुक्काम आहे. सोबत गाडी आहे, आडगावी जायची तयारी आहे. प्रेक्षणीय स्थळं नकोत, फक्त खाण्याचं विचारतोय.

पुण्यात 'खानदेशी' पाटीखाली बहुतेक ठिकाणी जांभळ्या वांग्याचं, टोमॅटो घातलेलं भरीत मिळतं. कळण्याची भाकरी मागितली की ज्वारीची येते. खापरावरचे मांडे तर प्रदर्शनातल्या स्टॉलवरच दिसतात. म्हणून तिथेच जाऊन खायचं आणि जमेल ते बांधून आणायचं ठरवलं आहे.

भरीत हॉटेलात बसून खावं की भरीत सेंटरवरून किलोने घ्यावं? चांगलं सेंटर बाहेरून कसं ओळखायचं? वांगी कच्ची आणली तर पुण्यापर्यंत टिकतात का? कळण्याचं पीठ तयार मिळतं की दळून घ्यावं लागतं, आणि प्रमाण काय? मांडे डिसेंबरात मिळतात की फक्त आखाजीला (अक्षय्य तृतीयेला)? शेवभाजीची शेव वेगळी असते म्हणतात, ती कोणती?

दुकानांच्या नावांची यादी नको, ती लवकर शिळी होते. ओळखायचं कसं आणि मागायचं कसं, तेवढं नीट सांगा.

तापीकाठ

वेळ अगदी बरोबर निवडली आहे. भरताच्या वांग्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणाऱ्या घरांत मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग वांगं सुरू होतं. थंडी पडली की वांग्यात गर भरतो आणि बी कोवळं राहतं. मार्चचं ऊन लागलं की बिया वाढतात, साल जाड होते आणि गराला कडवटपणा येतो. त्यामुळे मे महिन्यात येऊन भरीत चाखणाऱ्याला त्याची खरी चव कळतच नाही.

वांगं वेगळं आहे, इथून सुरुवात करा. फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, लांबोडकं आणि मोठं. पाव किलोपासून अर्धा किलोपर्यंत सहज असतं. २०१६ साली 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जळगावजवळचं असोदा, पुढे भादली आणि यावल तालुक्यातलं बामणोद ही या वांग्यासाठी नाव असलेली गावं. कोणत्या गावचं सरस यावर इथे दोन घरांत एकमत होणार नाही. पण बाजारात 'बामणोदची' किंवा 'असोद्याची' असं म्हणून विचारलंत की विकणाऱ्याला कळतं की तुम्हाला नुसती वांगी नको आहेत.

आता हॉटेल की सेंटर? सेंटर, आणि तेही किलोने. भरीत हा इथे ताटातल्या चार भाज्यांपैकी एक नसतो, जेवणच भरताचं असतं. हंगामात जळगाव, भुसावळात आणि रस्त्याकडेला भरीत सेंटरं लागतात. तिथे सकाळी वांगी भाजतात, दुपारच्या आत ठेचतात आणि वजनावर विकतात. बसायला चार बाकडी असली तर असली. सोबत कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी, कांदा, मुळा, कधी मिरचीचा ठेचा. मोठ्या हॉटेलात भरीत दिवसभर गरम ठेवतात, त्यात कांद्याची पात शिजून काळपट होते आणि वांग्याला पाणी सुटतं. तेच भरीत सकाळी अकराला घेतलं आणि रात्री नऊला घेतलं तर दोन वेगळे पदार्थ वाटतील.

बाहेरून ओळखायच्या खुणा:

मागे किंवा बाजूला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग हवा. ही सगळ्यात मोठी खूण. कपाशीची काडी भरकन पेटते, ज्वाळा उंच आणि कोरडी असते. साल झटपट करपते आणि आतला गर आपल्याच वाफेत शिजतो. जाड लाकडाच्या निखाऱ्यावर वांगं सावकाश भाजतं, तेवढ्या वेळात गर काळवंडतो आणि आटतो. गॅसवर धुराचा वास लागतच नाही. काड्या ओलसर असतील तर मात्र उलटं होतं, धूर जास्त होऊन भरीत कडवट लागतं. काड्यांबरोबर तुरीच्या काठ्या दिसल्या तरी हरकत नाही, त्याही चालतात.

दुसरी खूण बडगी. लाकडाची खोलगट बडगी आणि लाकडीच मुसळ. त्यात आधी मिरची-लसूण ठेचतात, मग वांगी. लाकडावर ठेचल्याने गराच्या रेषा शिल्लक राहतात. मिक्सरमध्ये फिरवलं की बिया फुटतात आणि सगळं खळीसारखं चिकट होतं.

तिसरी खूण रंग. चांगलं भरीत फिकट हिरवट-पांढरं दिसतं, मधे पातीचे आणि कोथिंबिरीचे हिरवे ठिपके. हळद आणि लाल तिखट पडलेलं नसतं. तिखटपणा सगळा हिरव्या मिरचीचा. टोमॅटो नाहीच. तपकिरी दिसलं तर ते एक तर शिळं आहे किंवा परत परत तापवलेलं.

विचारायचे प्रश्न दोनच: "आज सकाळचं भाजलेलं आहे ना?" आणि "कच्चं आहे की फोडणीचं?" शनिवारी-रविवारी माल लवकर संपतो, म्हणून आदल्या दिवशी किलो सांगून ठेवा आणि डबा स्वतःचा न्या. प्लास्टिकच्या पिशवीत गरम भरीत बांधून घेऊ नका. तिखट कमी हवं तर तेही आदल्या दिवशीच सांगायचं, कारण मिरची सगळ्यात आधी ठेचली जाते, नंतर काढता येत नाही.

दादरची भाकर

कळण्याबद्दल सांगतो, कारण नेमकी इथेच बाहेरच्यांची फसगत होते.

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. आमच्या भागातलं रोजचं प्रमाण १ किलो ज्वारीला २५० ग्रॅम अख्खे काळे उडीद, त्यात दळतानाच चमचाभर मेथीदाणे आणि दोन चमचे खडे मीठ. काही घरांत उडीद ३०० ते ३५० ग्रॅमपर्यंत नेतात. भाकरी जास्त खमंग होते, पण खाल्ल्यावर जड पडते आणि थंड झाल्यावर चिवट होते. पहिल्यांदा करणाऱ्याने पाव किलोच्या वर जाऊ नये. सोललेली पांढरी उडीद डाळ घातली तर तो कळणा नव्हे. सालीचा राखाडी रंग आणि वास हीच त्याची ओळख आहे.

ज्वारी दादर मिळाली तर उत्तम. दादर ही खानदेशातली रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर वाढते. दाणा मोठा, चव गोडसर, भाकरी मऊ. तिची काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर होते, म्हणजे डिसेंबरात जी मिळेल ती आधीच्या साठवणीतली. दाणा तोंडात टाकून चावून बघा. कुबट वास आला किंवा टोचलेला, भोकाचा दाणा दिसला तर घेऊ नका.

तयार पीठ मिळतं, बचत गटांकडे आणि किराणा दुकानांतही. पण ते कधी दळलेलं आहे ते विचारा. उडदामुळे हे पीठ साध्या ज्वारीच्या पिठाइतकं टिकत नाही. थंडीत महिनाभर, उन्हाळ्यात पंधरा दिवस. त्यानंतर कडवटपणा येतो. म्हणून माझं मत असं की पीठ नको, धान्य घ्या. दादर आणि काळे उडीद वेगवेगळे बांधून आणा आणि पुण्यात लागेल तसं दोन-दोन किलो दळून घ्या. गिरणीवाल्याला सांगा, ज्वारी-बाजरी दळून झाल्यावर आपलं टाका. आधी गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ मिसळतं आणि भाकरी थापताना चिवटपणा येतो. दळण अगदी बारीक नको, बोटांना किंचित रवाळ लागलं पाहिजे.

भाकरीला उकळतं पाणी वापरू नका. जुन्या ज्वारीला चिकटपणा यावा म्हणून आपण पीठ उकळत्या पाण्यात भिजवतो. इथे चिकटपणा उडीद देतात. उकळतं पाणी घातलं की पीठ हाताला आणि परातीला धरतं, भाकरी उचलताना तुटते. कोमट पाणी पुरे. एका भाकरीपुरतंच पीठ मळा, तळहाताने चांगलं रगडा आणि लगेच थापा. मळून ठेवलेला गोळा पंधरा मिनिटांत सैल पडतो.

पुरीसाठी तेच पीठ, थोडं घट्ट. ओल्या फडक्यावर हाताने थापायची, लाटायची नाही, आणि तेल चांगलं तापल्यावर सोडायची. तेल कोमट असेल तर ही पुरी फार तेल पिते. भरतासोबत पुरी की भाकरी? सेंटरवर बहुधा पुरी मिळते. मला भाकरी जास्त योग्य वाटते, कारण भरतातच तेल भरपूर असतं.

डोंबिवलीत खानदेश

तापीकाठ यांच्याशी बहुतेक सहमत. फक्त एक भर: "कच्चं की फोडणीचं" हा प्रश्न नुसता चवीचा नाही, तो प्रवासाचा आहे.

कच्च्या भरतात भाजलेली वांगी, भाजलेल्या मिरच्या, लसूण, मीठ ठेचून वर पात, कोथिंबीर आणि कच्चं शेंगदाणा तेल. याला चुलीचा वास सगळ्यात जास्त राहतो, पण ते चार-पाच तासांत खाऊन संपवायचं. फोडणीच्या भरतात तेल तापवून त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप तळून घेतात, मग मिरची-लसणाचा ठेचा परततात आणि शेवटी वांगं. हे थंडीत दिवसभर नीट राहतं. तिथे बसून खाणार असाल तर कच्चं मागा. रात्रीपर्यंत पोचायचं असेल तर फोडणीचं.

पुण्याला न्यायचं असेल तर मात्र तयार भरीत आणूच नका. ते खराब होतं ते पातीमुळे. कांद्याची पात मीठ लागताच पाणी सोडते, त्या पाण्यात लवकर आंबूस वास येतो. त्यापेक्षा 'भाजलेली वांगी' मागा. बाजारात वांगी भाजून देणारे असतात, सेंटरवालेही सांगितलं तर देतात. निघायच्या दिवशी सकाळी भाजून घ्या, तिथेच साल काढा, देठ काढा, गर पूर्ण थंड होऊ द्या आणि स्टीलच्या डब्यात दाबून काठोकाठ भरा. गरम असताना झाकण लावलंत तर वाफेचं पाणी होऊन गर पचपचीत होतो. जळगावहून पुणे रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर, आठ-नऊ तास. डिसेंबरच्या हवेत एवढ्याला काही होत नाही. घरी पोचल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत फोडणी द्या. गर फ्रीझरमध्येही ठेवता येतो, महिनाभर तरी. वितळल्यावर चाळणीत निथळून घ्यायचा. पात आणि कोथिंबीर ताजीच घालायची.

साल काढताना नळाखाली वांगं धुवायचं नाही. धुतलं की धुराचा वास निम्मा गेला. पाण्यात बोटं बुडवून साल ओढा, चार काळे ठिपके राहिले तर राहू द्या.

कच्ची वांगी आणायची असतील तर निवड अशी: आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्या, जड वांग्यात बी जास्त. साल ताणलेली आणि चकचकीत हवी, अंगठ्याने दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. देठ हिरवं. देठाच्या खाली बारीक भोक आहे का ते फिरवून बघाच, फळ पोखरणारी अळी तिथूनच शिरते आणि भाजल्यावर आतून काळं निघतं. वांगी कागदात किंवा गोणपाटात ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटतो. तीन-चार दिवस बाहेरच राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने सालीवर खड्डे पडतात आणि बी तपकिरी होतं.

घरी काड्या नसताना कोळशाची शेगडी हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. गॅसवरच करायचं असेल तर वांग्याला सुरीने तीन-चार टोचे मारा, नाहीतर फुटून गर बाहेर उडतो. अर्ध्या किलोच्या वांग्याला मध्यम आचेवर वीसेक मिनिटं, फिरवत फिरवत. देठाजवळ सुरी अलगद गेली पाहिजे. बहुतेकांचं चुकतं ते इथे. बाहेरून काळं झालं की उतरवतात आणि देठाकडचा भाग कच्चा, तुरट राहतो. नंतर दहा मिनिटं झाकून ठेवा. निखाऱ्यावर तेल टाकून धुंगार देण्याची पद्धत आहे, पण त्याने येतो तो तेलाच्या धुराचा वास, काडीचा नाही. मी ती सुचवणार नाही.

मुळामुठा

फारच नेमकी माहिती, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी आणखी. परत आल्यावर बारा जणांना भरीत खिलवायचं आहे, किती वांगी घेऊ? आणि मांड्यांचं कोणी सांगेल का? जमलं तर खापरही विकत घ्यायचं मनात आहे.

चुलीपाशी

मांडे डिसेंबरात मिळतात, पण दुकानात ठेवलेले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर घरोघरी होतात. एरवी लग्नकार्यात आणि पाहुण्यांसाठी, ऑर्डरीवर. मांडे करून देणाऱ्या बायका जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक गावांत आहेत. शोधायची सोपी वाट म्हणजे गावातला आचारी किंवा किराणा दुकानदार. "खापरावरची पुरणपोळी कोण करून देतं?" एवढं विचारा. एक दिवस आधी नग सांगायचे, कारण पुरण आदल्या दिवशी किंवा भल्या पहाटे शिजतं. चार-पाच नगांसाठी कोणी चूल पेटवणार नाही, किमान दहा-पंधरा घ्यायची तयारी ठेवा. पुण्यात भीमथडी जत्रेत आणि मुंबईत महालक्ष्मी सरसमध्येही बचत गटांच्या बायका समोर करून देतात, तिथे हात कसा चालतो ते जवळून बघता येतं.

ऑनलाइन मागवताना मात्र नीट बघा. बेळगावकडचे मांडे वेगळे: आत साखर, खवा, आणि घडी घालून कुरकुरीत केलेले. खानदेशातला मांडा पुरणाचा, मऊ, हातभर रुंद आणि इतका पातळ की पलीकडचा हात दिसावा.

तो इतका पातळ होतो त्यामागे तीन गोष्टी आहेत. पहिली पीठ. गव्हाला पाण्याचा हात लावून रात्रभर ठेवतात, मग दळून वस्त्रगाळ करतात. साधं चाळलेलं पीठ चालत नाही, त्यातला कोंडा ताणताना भोक पाडतो. दुसरी मळणी. कणीक सैल भिजवून पाण्याचा हात लावत लावत तिंबायची, परातीत आपटायची. ओढली की तुटायच्या ऐवजी लांबत गेली पाहिजे. तिसरी पुरण. हरभऱ्याच्या डाळीची एकही अख्खी कणी राहता कामा नये. एक कणी राहिली तरी तिथूनच मांडा फाटतो. पुरण आणि कणीक दोन्ही सारखीच मऊ हवी. पुरण घट्ट असलं तर मधे गोळा राहतो आणि कडा नुसत्या पिठाच्या होतात.

लहान पोळी लाटून घेतात, मग दोन्ही हातांच्या पालथ्या पंजांवर आणि मनगटांवर फिरवत वाढवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकतात. खापर मातीचं, बाहेरून फुगीर. त्याला सगळीकडून सारखी आच लागावी लागते, म्हणून चुलीत काड्या आणि बारीक लाकूड घालून ज्वाळ पसरती ठेवतात.

खापर कुंभाराकडे किंवा आठवडी बाजारात मिळतं. बोटाने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला तर भाजणी पक्की. बद्द आवाज म्हणजे तडा किंवा कच्चं भाजलेलं. बाहेरचा भाग हाताला गुळगुळीत लागला पाहिजे. पहिल्या वेळी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सावकाश तापवायचं. एकदम मोठी आच दिली किंवा तापलेल्यावर पाणी पडलं की तडकतंच. आणि सरळ सांगते, फ्लॅटमधल्या गॅसवर ते वापरायचं असेल तर घेऊ नका. गॅसची आच मधेच लागते, कडा थंड राहतात. मांडा मधे करपतो, कडेला कच्चा राहतो, आणि खापरही टिकत नाही. चूल पेटवायला अंगण किंवा गच्ची असेल तरच घ्या.

मांडे आणताना पूर्ण गार होऊ द्यायचे, चार घड्या करून सुती कापडात, वर कागद. प्लास्टिक नको. थंडीत दोन-तीन दिवस राहतात. गरम करायचे ते तव्यावर, तुपाचा हात लावून. मायक्रोवेव्हमध्ये ते चामट होतात. दूध-तुपाबरोबर खा, शेजारी कटाची तिखट आमटी असू द्या. इकडे तिला रशी म्हणतात.

हमरस्ता

शेवभाजीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

शेव जाड हवी, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, बेसनाची, तिखट-ओव्याची आणि सोडा जवळजवळ नसलेली. फरसाणाच्या दुकानात 'भाजीची शेव' म्हणून मागा. खाण्याची बारीक, खुसखुशीत शेव रश्शात पडली की मिनिटात विरघळते आणि रस्सा पिठल्यासारखा दाट होतो. घेताना एक शेव मोडून बघा. कट्‌ आवाज होऊन मोडली तर भाजीची. भुगा झाला तर चहाबरोबरची.

धाब्यावर ऑर्डर देताना सांगायचं, "शेव वेगळी द्या." रस्सा उकळता आला पाहिजे. शेव आपल्या हाताने घालायची, दोन मिनिटं थांबायचं आणि खायला सुरुवात करायची. बाहेरून मऊ, मधे अजून कणीदार, ही वेळ फार थोडी असते. बांधून नेतानाही रस्सा आणि शेव वेगळी.

रस्सा चांगला आहे का ते तर्रीवरून ठरवू नका, तेल कोणीही वाढवू शकतो. चमच्याने खाली ढवळून बघा. भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं वाटून घातलं असेल तर रस्सा काळपट-तपकिरी असतो आणि अंगाने दाट. दगडफूल, बाद्यान यांचा मातकट-गोडसर वास येतो. लालभडक आणि पातळ असेल तर त्यात मसाल्याऐवजी रंग आणि मिरचीपूड आहे. धुळ्याकडून येताना मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि धुळे-जळगाव रस्त्यावर जिथे मालट्रकवाले जेवायला थांबतात, तिथे दुपारी साडेबाराच्या सुमारास जा. तेव्हा रस्सा ताजा असतो. उशिरा गेलात तर त्यात पाणी घालून वाढवलेला असायची शक्यता जास्त.

तिथेच फळ्यावर 'पाटोडी' दिसली तर तीही घ्या. बेसनाच्या वड्या, रस्सा तोच. काही ठिकाणी फौजदारी डाळ मिळते. मिश्र डाळींची, काळ्या मसाल्याची, झणझणीत. तिच्याबरोबर मात्र भाकरीच.

तापीकाठ

मुळामुठा, बारा जणांचा हिशेब. भरीत हेच मुख्य जेवण असेल तर माणशी ४०० ग्रॅम कच्ची वांगी, म्हणजे ५ किलो घ्या. साल, देठ आणि पाणी गेल्यावर साधारण सव्वातीन किलो गर उरतो. त्याला हिरव्या लवंगी मिरच्या २०० ग्रॅम (पुण्याच्या जिभेला १२५ पासून सुरू करा), लसूण १५० ग्रॅम, शेंगदाणे २०० ग्रॅम, सुकं खोबरं १०० ग्रॅम, पात अर्धा किलो, कोथिंबिरीची मोठी जुडी आणि शेंगदाणा तेल ४०० मिलि. तेल बघून दचकू नका. कमी केलंत तर भरीत कोरडं पडून घशाशी बसतं. मिरच्या वांग्यांबरोबरच भाजा किंवा तव्यावर डाग पडेपर्यंत, कच्च्या ठेचू नका. मीठ मिरची-लसणात घालूनच ठेचायचं, नंतर वरून घातलेलं सगळीकडे सारखं लागत नाही. पात अर्धी फोडणीत, अर्धी गॅस बंद केल्यावर. घरी बडगी नसेल तर मिरची-लसूण खलबत्त्यात आणि गर परातीत लाकडी रवीच्या बोंडाने.

भाकरीसाठी माणशी दोन धरल्या तर अडीच किलो कळणा पुरतो, हाताशी थोडा उरेलही.

भाजलेल्या वांग्यांची गोष्ट डोंबिवलीत खानदेश यांनी सांगितली ती योग्य आहे, पण ५ किलोसाठी भाजणाऱ्याला आदल्या संध्याकाळी सांगा आणि सकाळी सातच्या आत पोचा. उशीर झाला तर सेंटरच्या मोठ्या ऑर्डरी सुरू झालेल्या असतात आणि तुमची वांगी घाईत भाजली जातात, देठाशी कच्ची राहतात. तिथेच उभं राहून प्रत्येक वांगं देठाजवळ दाबून घ्या. कच्चं असेल तर परत आगीत टाकायला सांगा, कुणाला त्याचा राग येत नाही.

हाताशी असताना आणखी काही. डिसेंबरअखेर मेहरूणची बोरं बाजारात यायला लागतात, लहान, गोल, पिकल्यावर तांबूस. पिवळट-लालसर आणि किंचित मऊ अशी निवडा, हिरवी घेऊन घरी पिकत नाहीत. फैजपूर, सावदा, रावेर हा केळीचा पट्टा, तिथे रस्त्यालगत कढईवर थेट किसणीने वेफर पाडताना दिसतील. गरम असताना बांधून घेऊ नका, थंड झालेलेच घ्या, नाहीतर पुण्यापर्यंत मऊ पडतात. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मात्र आत्ता ताजे मिळणार नाहीत. ज्वारी भिजवून आंबवून उन्हाळ्याच्या उन्हात घालतात, त्यामुळे डिसेंबरात मिळतील ते मागच्या उन्हाळ्यातले. एक तुकडा भाजून किंवा तळून मागा. खवट वास नसेल तर घ्यायला हरकत नाही.

वेळ उरला तर रावेरवरून पुढे बऱ्हाणपूर फार लांब नाही. तिथली माव्याची जिलेबी कढईतून काढलेली गरम खायची, बांधून आणायची नाही. गोड काही आणायचंच असेल तर दराबा ही तिथली मिठाई आणा, ती टिकते.